वस्तादांची पाठ

"उताणं नको," वस्ताद म्हणाले.

डॉक्टर इस्लामपूरहून मोटारसायकलवर आले होते. त्यांनी पुन्हा समजावलं, "अहो, एकाच कुशीवर पडून राहिलात तर कातडं सोलवटेल. कानाची पाळी बघा, लाल झालीय. दिवसातून थोडा वेळ तरी पाठीवर झोपा."

"उताणं नको."

"का पण?"

वस्तादांनी डोळे मिटून घेतले. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. कारण मला माहीत होतं, घरात माहीत होतं, सगळ्या सावर्डीला माहीत होतं. पण डॉक्टर परगावचे. शेवटी वस्तादांच्या बायको, हलिमाकाकीच म्हणाल्या, "डाक्टर, ह्यांची पाठ कधी लागली न्हाई."

"म्हणजे?"

"कुस्तीत वो. कुणी लावली न्हाई. आता पडून पडून लावायची न्हाई म्हणत्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. पिशवी बंद करता करता ते म्हणाले, "खाट काही पैलवान नाही, बाबालालभाई."

"खाटंएवढा चिवट पैलवान मी बघितला न्हाई," वस्ताद म्हणाले. तोंड डावीकडे ओघळलेलं होतं, शब्द जाड येत होते, पण चेष्टा जागेवर होती.

होळी झाल्यावर काही दिवसांनी त्यांच्यावरून वारं गेलं होतं. डावा हात, डावा पाय नुसते अंगाला लोंबत होते. मी त्यांचा पट्ठा, भैरू खोत. माझी आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मी तालमीतच वाढलो होतो. जेवण हलिमाकाकींच्या हातचं. त्यामुळे वस्तादांना उठवणं, बसवणं, अंग पुसणं माझ्याकडे आपोआप आलं. उजव्या कुशीवर ठेवायचं आणि पाठीमागे तांदळाचं पोतं लावायचं, म्हणजे झोपेतसुद्धा ते मागे कलंडत नसत. पोतं सरकलं तर झोपेतून हाक यायची, "भैरू, पाठ."

आमच्या तालमीत मारुतीच्या कोनाड्याशेजारी एका खुंटीवर गुलाबी पटका टांगलेला असायचा. वस्तादांनी जवानीत वारणाकाठच्या सगळ्या जत्रा मारल्या, तेव्हा मानाचा म्हणून मिळालेला. तो त्यांनी डोक्याला बांधला नाही. खुंटीला लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "जो माझी पाठ लावंल, त्याचा हा." तेव्हापासून किती आले नि किती गेले. मीही रोज त्या पटक्याकडे बघत जोर मारत असे. एकदा सरावात माझा ढाकेचा डाव असा बसला की वस्ताद हवेत गेले. पण पडले ते मांजरासारखे, पोटावर. उठून माझ्या मानेवरची माती झाडली आणि म्हणाले, "जवळ आलास रं." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं जगलो.

डॉक्टर गेल्यावर थोड्या दिवसांनी सोसायटीचे चेअरमन आकाराम देसाई आले. माणूस वाईट नव्हता. सोसायटीच्या खताला जागा नव्हती, पोती पावसात भिजायची, आणि तालमीची इमारत दगडी, कोरडी होती.

"बाबालाल, तालमीला वस्ताद लागतो," ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसून म्हणाले. "तू असा पडलेला. पोरं पांगली. एक हा भैरू तेवढा येतो आणि एकटाच घुमतो."

"नागपंचमीला हौदा उघडायचाय," वस्ताद म्हणाले.

"तेच म्हणतो. उघडणार कोण?"

आमच्याकडची रीत अशी, की नागपंचमीला माती उकरायची नाही, म्हणून आदल्या दिवशीच कुस्तीच्या मातीचा हौदा खणून, चाळून, तेल-ताक-हळद घालून तयार ठेवायचा. आणि पंचमीच्या सकाळी वस्तादानं एकट्यानं, कुणाचा हात न धरता हौद्यात उतरायचं, माती कपाळाला लावायची, शड्डू ठोकायचा. मग वर्षभर तालीम त्याची. ज्या वर्षी वस्तादाला उतरता येणार नाही, त्या वर्षी त्यानं किल्ली खाली ठेवायची. किल्ली घ्यायला गावात दुसरा कुणी वस्ताद नव्हता. मी पट्ठा होतो; वस्ताद होण्याइतकं मला काही येत नव्हतं.

"पंचमीपर्यंत थांबतो," देसाई म्हणाले. "तू उतरलास, तर खताचं नाव काढणार नाही. नाही उतरलास, तर राग धरू नको."

"राग कशाचा, आकाराम. पाय माझा मेलाय, तुझा न्हाई."

वस्ताद उजव्या कुशीवर असल्यामुळे त्यांना एकच दिशा दिसायची. अंगणाचं बुटकं कुंपण आणि पलीकडे शाळेचं मैदान. त्या मैदानात रोज उजाडताना एक बाई यायच्या. शाळेत नव्यानं लागलेल्या खेळाच्या शिक्षिका, आवळेबाई. इचलकरंजीकडच्या. अंगानं काटकुळ्या, पांढरा सैल सदरा-विजार घालून उभ्या राहायच्या आणि कुणीतरी समोर असल्यासारखे हात पुढं-मागं करायच्या. इतक्या सावकाश, की बघणाऱ्याला पेंग यावी. गावातली पोरं त्याला हवेशी कुस्ती म्हणायची.

एके सकाळी मी वस्तादांचं तोंड धूत होतो. त्यांनी माझा हात बाजूला केला. "सर जरा. दिसंना."

"काय बघताय?"

"ती बाई रोज कुणाशी लढत्या रं?"

"कराटे म्हणत्यात त्याला. मारामारी असत्या."

"मारामारी न्हाई ती." ते बराच वेळ बघत राहिले. "तिची टाच बघ. पाय टाकताना जमीन सोडत न्हाई. आणि श्वास ऐकू येतोय का? भात्यावाणी. जा, बोलाव."

बाई आल्या. पायांत वहाणा नव्हत्या, पायाला मैदानाची माती होती. वस्ताद आधी त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

"काका, बोलावलंत?"

"हे कुठलं शिक्षण?"

"सांचिन म्हणतात. कात्याचं, म्हणजे कराट्यातल्या ठरलेल्या हालचालींचं, नाव आहे. ओकिनावा म्हणून बेट आहे जपानकडं, तिथलं. त्याच्या आधी चीनमधून आलं म्हणतात." अंगणात पडलेली खडूची कांडी उचलून त्यांनी फरशीवर नाव लिहिलं. मला त्या वेळी अक्षर येत नव्हतं, ती मला नक्षीच वाटली. "सांचिन म्हणजे तीन लढाया. अंगाची, दमाची आणि मनाची."

"आमच्यात एकच असती," वस्ताद म्हणाले. "पण ती संपत न्हाई."

बाई हसल्या. मग त्यांनी उभं राहून दाखवलं. पाय किंचित आत वळवलेले, गुडघे नरम, कंबर खाली आवळलेली. एक पाऊल पुढं टाकलं ते सरळ नाही, आतून बाहेर अर्धा चंद्र काढत, जमिनीला घासत. हात असा पुढं गेला, जसा चिखलातून काहीतरी ओढून काढतोय. समोर काहीच नव्हतं, पण मानेच्या शिरा दिसत होत्या.

"हे तर पवित्र्यातलं थांबणं," वस्ताद म्हणाले. "भैरू, तुला मी मान दाबून उभा करायचो ते. मी वरून दाबायचो. हिनं दाबणारा आतच घेतलाय."

"तुमच्याकडंही आहे हे?" बाईंनी विचारलं.

"सगळीकडं असंल, बाई. मल्लखांबावरचं पोरगं उलटं लटकतं नि हलत न्हाई, ते काय हातानं? ते आतनं धरलेलं असतं." ते थांबले. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "मला पंचमीला उभं राहायचंय. एवढ्यानं उभं राहता यील का?"

बाईंनी त्यांचा डावा पाय हातानं चाचपला, घोट्यापासून मांडीपर्यंत. "पूर्ण मेलेला नाही. डॉक्टर मी नव्हे. पण प्रयत्न करता येईल. आधी दम पोटात उतरायला हवा. त्यासाठी जमिनीवर उताणं झोपायला लागेल."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. वस्तादांनी मान उशीत वळवली.

"बाई, चहा घ्या नि जावा," काकी हळूच म्हणाल्या.

बाई गेल्या. पण दुसऱ्या दिवशी परत आल्या. काकींनी त्यांना सगळं सांगितलं होतं, पटक्यासकट. बाई कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "काका, मला माहीत नव्हतं. चुकलं."

"पैलवानाची पाठ मागून घेत न्हाईत, बाई," वस्ताद म्हणाले. "लावायची असती."

"मग कुस्तीच धरू या."

मला वाटलं चेष्टा आहे. काकींना वाटलं चेष्टा आहे. वस्तादांच्या ओठाचा धड कोपरा हलला. "तुमच्याशी?"

"का? घाबरलात?"

"भैरू," वस्ताद म्हणाले, "मला खाली घे."

मी अंगणात लिंबाखाली गोधडी अंथरली आणि त्यांना बसतं केलं. डावा हात मांडीवर ठेवला. बाई समोर मांडी घालून बसल्या. त्यांनी वस्तादांचा उजवा पंजा आपल्या पंजात धरला आणि दुसरा हात त्यांच्या मानेमागे ठेवला. आमची कुस्ती अशीच लागते, मान आणि हात. काकी चहाचा कप घेऊन दारात थबकल्या.

वस्तादांनी रेटा दिला. अर्धं अंग होतं, पण ते बाबालाल वस्तादांचं अर्धं अंग. बाईंचा हात थरथरायला लागला. त्या मागे गेल्या नाहीत, पुढंही आल्या नाहीत. नुसता श्वास सोडत राहिल्या, लांब, घशातून घासत येणारा. वस्तादांनी दम कोंडला. आम्ही सगळे पैलवान कोंडतो. रेटा द्यायचा तर छाती भरून कोंडायची, हेच आम्हाला शिकवलेलं. त्यांचं तोंड लाल झालं, कपाळावरची शीर फुगली. बाई वाट बघत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी वस्तादांना श्वास सोडावाच लागला, आणि तो सुटून दुसरा आत येईपर्यंत जी फट असते, तेवढ्यात बाईंनी मानेमागचा हात तसाच ठेवून त्यांना मागे नेलं. पाडलं नाही, पाळण्यात ठेवावं तसं ठेवलं.

वस्तादांची पाठ गोधडीला लागली.

काकींच्या कपातला चहा बशीत सांडला होता. वस्ताद वर बघत होते. मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. मग ते म्हणाले,

"हलिमा, ह्या लिंबावर मव्हाचं पोळं हाय व्हय?"

"दोन वर्सं झाली त्याला," काकी म्हणाल्या.

"मला बोलली न्हाईस."

"तुम्ही कधी वर बघितलंय?"

त्यांचं पोट हलायला लागलं. आधी मला कळलं नाही, ते हसत होते. बाईंनी लगेच त्यांच्या पोटावर तळहात ठेवला. "हा. हाच दम. हसताना कसा सुटतोय बघा. आता असाच सोडा, पण हळू."

बाई गेल्यावर वस्तादांनी मला जवळ बोलावलं. "हे अंगणाबाहेर गेलं तर तुझी खैर न्हाई."

"कशाला जाईल? गोधडीवरची कुस्ती ती," मी म्हणालो. "हौद्यातली न्हाई."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

त्यानंतर रोज उजाडताना बाई येत. आधी नुसता दम. मग पडल्या पडल्या मूठ मिटणं आणि उघडणं. डावी मूठ मिटेना, तर बाई म्हणायच्या, "मिटू नका. मिटायचं आहे असं आतून धरा." पहिले कित्येक दिवस काहीच हललं नाही. मग एकदा करंगळी हलली. काकींनी पिराला मलिदा केला, मी मारुतीला नारळ फोडला. दोघांनाही एकमेकांचा प्रसाद मिळाला. मात्र झोपताना पोतं पाठीशी तसंच लागायचं. दम घेण्यापुरती पाठ टेकायची, झोपेत नाही.

उभं राहायची वेळ आली तेव्हा वस्तादांचा डावा पाय उचलतच नसे. पाऊल टाकायचं म्हटलं की तो बाहेरून गोल फिरून, जमिनीला घासत यायचा. वस्तादांना त्याची लाज वाटायची. बाई मात्र तो पाय बघून खुश झाल्या.

"काका, अहो, मला हे पाऊल यायला वर्ष गेलं. तुमचा पाय आपणहून अर्धा चंद्र काढतोय."

"मेल्या पायाला शाबासकी देताय व्हय?"

"मेला असता तर चंद्र निघाला नसता."

कात्यात एक परीक्षा असते. शिकवणारा पाठीमागून खांद्यावर, पाठीवर, मांडीवर चापट्या मारतो. अंग कुठं ढिलं पडलंय ते हाताला कळतं. बाईंनी ते काम मला सांगितलं. माझा हात उठेना. वस्तादांच्या पायाशिवाय मी कधी त्यांच्या अंगाला आपणहून हात लावला नव्हता. कुस्तीतली नि आजारपणातली गोष्ट वेगळी.

"मार," वस्ताद म्हणाले.

"न्हाई वस्ताद."

"मार, न्हाईतर मी मागं वळून मारीन. आणि वळायला गेलो तर पडंन. मग तूच उचल."

मी मारलं. हाताला दगडासारखं लागलं. डाव्या खांद्यालासुद्धा.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी हौदा खणला. पांगलेली पोरं कुठून कुठून आली, कुणी ताक आणलं, कुणी हळद. माती चाळून झाल्यावर मी घरी गेलो, तर वस्ताद भिंतीला टेकून बसले होते.

"भैरू, खुंटीवरचा पटका आण. धू. स्वच्छ धू, आणि सावलीत वाळव. रंग जाता कामा नये."

मी काही विचारलं नाही. वारणेच्या पाण्यात तो पटका मी स्वतःच्या हातानं धुतला. किती लांब होता तो. धुताना माझ्या मनात एकच होतं. इतकी सेवा केली, उठवलं, बसवलं. उद्या सगळ्यांदेखत वस्ताद तो मला बांधतील. पाठ लावली नाही तरी पट्ठा मी त्यांचा होतो. वाळलेला पटका मी एकदा, नुसता एकदा, डोक्याला गुंडाळून नदीत बघितला. मग पटकन काढून घडी घातली.

सकाळी तालमीसमोर गाव जमलं. बाया उंबऱ्याबाहेर, नागोबाच्या पूजेची ताटं घेऊन उभ्या होत्या. आमच्या तालमीत बाईनं उंबरा ओलांडायचा नाही अशी रीत होती. आवळेबाई शाळेच्या मुलींच्या मागे, कडेला होत्या. आकाराम देसाई आत, हौद्याच्या काठावर.

वस्ताद माझ्या खांद्याला धरून उंबऱ्यापर्यंत आले. तिथं त्यांनी हात काढला. "पटका?" त्यांनी विचारलं. मी घडी दाखवली. "ठेव जवळ."

मग ते आत गेले. हौद्याच्या काठाला बसले, लहान पोरासारखे दोन्ही पाय आत सोडले आणि उजव्या हातावर भार देऊन मातीत उतरले. उभे राहिले. पाय किंचित आत, गुडघे नरम. मला उंबऱ्यापर्यंत त्यांचा श्वास ऐकू येत होता. एक पाऊल. डावा पाय मातीत गोल रेघ काढत आला. दुसरं पाऊल. तिसऱ्याला ते डुलले, आणि माझं अंग पुढं झेपावणार तेवढ्यात मी स्वतःला थांबवलं. त्यांनी पायाच्या बोटांनी माती धरलेली मला दिसली. ते थांबले. सावरले असं नाही म्हणता यायचं, ते नुसते थांबले.

वाकून त्यांनी माती घेतली, कपाळाला लावली आणि उजव्या हातानं शड्डू ठोकला. तालमीचा दगड घुमला.

"जिंकलास गड्या," देसाई म्हणाले. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. "पण ही चाल कुठली म्हणायची? आपल्याकडची दिसत नाही."

"सांगतो," वस्ताद म्हणाले. "भैरू, पटका."

मी पुढं जाऊन हौद्याच्या काठावर गुडघे टेकले आणि मान खाली केली. खरं सांगतो, केली.

पण माझ्या डोक्याला हात लागला नाही. वस्ताद सगळ्यांना म्हणाले, "हा पटका खुंटीला लावताना मी काय बोललो होतो, ते म्हाताऱ्यांना आठवत असंल. ह्या उन्हाळ्यात माझी पाठ लागली. भर अंगणात. भैरू साक्षी हाय. काय रं?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. गोधडीवरची कुस्ती, असं म्हणायला माझी जीभ वळवळली. वस्ताद हौद्यात उभे होते, कुणाचा आधार न घेता, आणि मी हो म्हणेपर्यंत उभे राहणार होते.

"व्हय," मी म्हणालो. "लागली. स्वच्छ लागली."

"कुणी लावली?"

"आवळेबाईंनी."

कुणीतरी मागून हसलं, आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. देसाई खालच्या आवाजात म्हणाले, "बाबालाल, अरे बाईमाणूस. तालमीचा मान..."

"ती आत आली न्हाई, आकाराम. मान बाहेर चाललाय. उंबऱ्याची रीत बाईला हाय, पटक्याला न्हाई. भैरू, नेऊन दे."

हौद्यापासून उंबरा काही लांब नव्हता. ती घडी दोन्ही हातांवर घेऊन मी चालत गेलो. बाया बाजूला झाल्या. आवळेबाई घाबरल्यासारख्या झाल्या होत्या. "भैरूभाऊ, याचं मी काय करू?" त्या पुटपुटल्या.

"मला ठाऊक न्हाई, बाई," मी म्हणालो. "पण धुतलेला हाय."

काय केलं ते दिवाळीनंतर कळलं. शाळेच्या मैदानावर पोरींची रांग उभी होती आणि प्रत्येकीच्या कमरेला गुलाबी पट्टा. बाईंनी पटका फाडला होता. मी धावत वस्तादांकडे गेलो. सांगताना मला धाप लागली होती. अख्ख्या वारणाकाठचा मान, आणि शाळकरी पोरींच्या कमरेला.

वस्ताद अंगणात लिंबाखाली खाटेवर होते. "पोरींकडं पट्टे नव्हते?"

"न्हाई. पुण्यासनं आणायला लागत्यात म्हणं."

"सगळ्यांना पुरला का?"

"पुरला."

"मग झालं की."

मी आणखी बोलणार होतो, पण तेव्हा माझं लक्ष गेलं. पोतं खाटेखाली पडलं होतं. वस्ताद उताणे होते. दोन्ही हात पोटावर, नजर वर पोळ्याकडे, आणि नुकतेच झोपेतून उठल्यासारखे डोळे जड. मैदान त्यांना दिसत नव्हतं. पलीकडून पोरींचा श्वास येत होता, सगळ्यांचा मिळून, भात्यासारखा.

ते थोडा वेळ ऐकत राहिले.

"त्यातली एक पोरगी दम कोंडत्या," ते म्हणाले. "कडंची असंल. जा भैरू, सांग तिला. सोड म्हणावं."

मी कुंपण ओलांडून गेलो.